जवळ की समोर

तीन आठवडे आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की एकच विषय निघायचा. कंटेंपररी की पॉलिनेशियन? फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं नक्की झालं होतं, विमानाची तिकिटं काढून झाली होती. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले होते आणि लेक सात वर्षांची, म्हणजे या सहलीसाठी ऐन वयात. सगळं जुळून आलं होतं. घोडं अडलं होतं ते हॉटेलपाशी.

दोन्ही हॉटेलं महागडी. एका रात्रीचं भाडं पाचशे डॉलरच्या बरंच वर आणि त्यावर साडेबारा टक्के कर. चार रात्रींचा आकडा मी कागदावर मांडून नवऱ्यासमोर ठेवला, तेव्हा तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. नुसत्या राहण्यावर इतके पैसे आम्ही आजवर कधी घातले नव्हते. पण बाहेरच्या स्वस्त हॉटेलात उतरायचं नाही यावर आमचं एकमत होतं, आणि त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो आणि पार्कबाहेरच्या एका हॉटेलात राहिलो होतो. रात्री आतषबाजी संपल्यावर शटल बसची वाट बघता बघता सासूबाई फुटपाथच्या कडेला बसल्या. एका हातात चपला, दुसरा हात कमरेवर. "मला काही होत नाहीये, तुम्ही पोरीकडे बघा," असं दर पाच मिनिटांनी सांगत होत्या. बस आली पाऊण तासाने. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही.

या खेपेला बाबांचा उजवा गुडघा होता. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. चालतात, पण अर्ध्या तासानंतर पाय किंचित फरफटतो आणि मग ते मुद्दाम मागे राहून दुकानांच्या काचा बघत असल्यासारखं करतात. व्हीलचेअरचं नाव काढलं की विषय बदलतात.

आधी नकाशा सांगते, कारण या दोन हॉटेलांमधला फरक तिथेच सुरू होतो. मॅजिक किंग्डम हे तिथलं मूळचं पार्क, सिंड्रेलाच्या महालाचं. त्याच्या दक्षिणेला एक मोठं तळं आहे, सेव्हन सीज लगून. हे तळं खोदून केलेलं, आणि खोदताना निघालेली माती पार्कच्या जागेवर भरून जमीन उंच केली. त्यामुळे आपण ज्याला पार्कचा रस्ता समजून चालतो तो खरं म्हणजे वरचा मजला आहे, खाली कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याची भुयारं आहेत. पार्कच्या पूर्वेला दुसरं तळं, बे लेक, ते मात्र निसर्गाचं. कंटेंपररी उभं आहे या दोन तळ्यांच्या मधल्या पट्ट्यावर, पार्कच्या अगदी कुंपणाला लागून. पॉलिनेशियन व्हिलेज आहे लगूनच्या दक्षिण काठावर, म्हणजे बरोबर पैलतीरी. एक मोनोरेल या सगळ्याला फेरी घालते.

म्हणजे एक हॉटेल महालाच्या शेजारी आणि दुसरं महालाच्या समोर. शेजारच्या हॉटेलातून पार्कच्या दारापर्यंत पायी दहा मिनिटांत पोचता येतं. समोरच्या हॉटेलातून महाल पूर्ण दिसतो, पाण्यावर पडलेल्या त्याच्या उजेडासकट. खोल्या, गाद्या, पोहण्याचे तलाव, खाणंपिणं यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. मीही घातला. पण आता वाटतं की त्या वादात फारसा जीव नव्हता. ज्या गोष्टीसाठी आलो आहोत तिच्या किती जवळ राहायचं, एवढंच ठरवायचं होतं.

माझं मन पॉलिनेशियनवर होतं, आणि ते आजचं नव्हतं. या देशात शिकायला आले तेव्हा दुसऱ्या वर्षी सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी एक दिवसाचं तिकीट काढून तिथे गेलो होतो. संध्याकाळपर्यंत पाय मोडून आले होते. मोनोरेलमध्ये बसलो ती केवळ बसायला मिळतं म्हणून, आणि पॉलिनेशियनच्या थांब्यावर एकीला उतरावंसं वाटलं म्हणून उतरलो. मशाली पेटलेल्या होत्या. झाडी इतकी दाट की हॉटेल कुठे सुरू होतं आणि बाग कुठे संपते ते कळेना. पायवाटेने चालत गेलो तर पुढे पांढरी वाळू आणि त्यावर आरामखुर्च्या मांडलेल्या. कुणी हटकलं नाही. अननसाचं मऊ आइस्क्रीम चौघींत दोन घेतलं आणि वाळूत बसून राहिलो. समोर महाल, बोटाच्या पेराएवढा. आतषबाजी झाली, तिचं संगीत काठावरच्या स्पीकरमधून येत होतं. ती संपल्यावर पाण्यावरून दिव्यांची एक मिरवणूक सरकत आली, तराफ्यांवर बसवलेले हजारो दिवे, त्यांचे मासे, कासवं, समुद्रसर्प झालेले. ही मिरवणूक १९७१पासून चालत आली आहे, हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं होतं की मागच्या झाडीत ज्यांच्या खोल्या आहेत त्या लोकांना आता उठून कुठे जायचं नाही. आम्हाला जायचं होतं. गाडी पार्किंगमध्ये होती आणि तीन तासांचा रस्ता.

तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं, एकदा तिथे राहायचं.

बाबांना मात्र कंटेंपररी हवं होतं, आणि तेही गुडघ्यासाठी नाही. त्यांनी पस्तीस वर्षं स्टीलच्या फॅब्रिकेशनमध्ये काढली आहेत. गर्डर, क्रेन, वेल्डिंग, साईट. मी दोन्ही हॉटेलांचा इतिहास वाचून दाखवत होते. १ ऑक्टोबर १९७१ला डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा पार्कबरोबर हीच दोन हॉटेलं उघडली. वॉल्ट डिस्ने त्याआधीच, १९६६च्या डिसेंबरात गेले होते. त्यांचे थोरले भाऊ रॉय यांनी निवृत्ती लांबवून हे काम तडीला नेलं आणि उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आतच तेही गेले. हे सगळं बाबा मान हलवत ऐकत होते. मग मी वाचलं की दोन्ही हॉटेलांचं बांधकाम यू. एस. स्टील कंपनीने केलं, आणि खोल्या जागेवर बांधल्याच नाहीत. काही मैलांवर तात्पुरता कारखाना उभा केला, तिथे पोलादी चौकटीत एकेक अख्खी खोली तयार केली, नळ आणि वायरिंगसकट, आणि ट्रकवर घालून आणली. पॉलिनेशियनमध्ये त्या एकमेकींवर रचल्या. कंटेंपररीत आधी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा प्रचंड सांगाडा उभा केला आणि क्रेनने उचलून एकेक खोली त्यात सरकवली.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "परत वाच," म्हणाले.

मी परत वाचलं. ते उठले, देवघरातली काडेपेटी घेऊन आले आणि नातीला जवळ बोलावलं. आतला खण बोटाने ढकलून बाहेर काढला, पुन्हा आत सरकवला. "ही पेटी म्हणजे हॉटेल. हा खण म्हणजे खोली. समजलं?" मग खणातल्या काड्या ओतून त्यात तिची एक लहानशी बाहुली आडवी ठेवली आणि खण आत सरकवला. लेकीने ती काडेपेटी रात्री उशाशी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मत तयार होतं. शिवाय कंटेंपररीच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते, हे तिला एव्हाना कळलं होतं. इमारतीच्या आतून गाडी जाते म्हटल्यावर सात वर्षांच्या मुलीपुढे झाडीचं आणि वाळूचं काय चालणार?

आईला विचारलं तर म्हणाली, "मला कुठेही चालेल." आईचं कुठेही चालेल म्हणजे नेमकं काय, हे ओळखायला मला चाळीस वर्षं लागली आहेत. तिने पॉलिनेशियनचे फोटो दोनदा मागून घेतले होते. कंटेंपररीचे एकदाच.

मग मी वही घेऊन बसले. खर्चाचा हिशेब जवळजवळ सारखाच होता. फरक हॉटेलांपेक्षा खिडकीत होता. कंटेंपररीच्या मनोऱ्याला दोन बाजू. पश्चिमेच्या खोल्यांतून पार्क दिसतं, त्यांचं भाडं जास्त. पूर्वेच्या खोल्यांतून बे लेक दिसतं, त्यांचं त्यामानाने कमी. बाजूला गार्डन विंग म्हणून बैठी इमारत आहे, ती आणखी स्वस्त, पण तिथून मनोऱ्यापर्यंत रोज चालत यावं लागतं. पॉलिनेशियनमध्ये लांबट बैठी घरं बागेत विखुरलेली आहेत, त्यांना लाँगहाऊस म्हणतात आणि प्रत्येकाला पॅसिफिकमधल्या बेटाचं नाव आहे. फिजी, सामोआ, टोंगा, तुवालू. तुम्हाला कोणतं बेट मिळेल याची विनंती करता येते, खात्री नसते. एखादं मोनोरेलच्या थांब्याला लागून, एखादं पार टोकाला. तरुण पायांना ती बागेतली रपेट म्हणजे सुख आहे. बाबांसाठी ती दिवसातून चार वेळा करायची मजल झाली असती.

आणि मोनोरेलची एक गोष्ट, जी कुणी तिथे जाणार असेल तर मी आवर्जून सांगते. ती एकाच दिशेने फिरते. मॅजिक किंग्डमहून सुटली की पहिला थांबा कंटेंपररी, मग मुख्य वाहनतळाजवळचं स्थानक, मग पॉलिनेशियन, मग ग्रँड फ्लोरिडियन हे आणखी एक हॉटेल आणि परत पार्क. म्हणजे पॉलिनेशियनवाल्यांना सकाळी पार्क दोन थांब्यांवर, रात्री परतताना मात्र तीन. कंटेंपररीवाल्यांना सकाळी गाडीने गेलं तर अख्खी फेरी, पण ते गाडीने जातच नाहीत, चालत जातात. रात्री दमून परतताना एकच थांबा. ज्यांना एपकॉट या दुसऱ्या पार्कला जास्त जायचं आहे त्यांचं गणित वेगळं. पॉलिनेशियनमधून वाहनतळाच्या स्थानकापर्यंत पायवाट आहे आणि तिथून एपकॉटची मोनोरेल थेट मिळते. आम्हाला एपकॉटचा एकच दिवस होता.

नवरा म्हणाला, दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे करू. खूप जण तसं करतात, सामान हॉटेलवालेच पोचवतात. मी त्या कल्पनेशी दोन दिवस खेळले. पण आईला एका खोलीत औषधं, कपडे, पाण्याची बाटली जागेवर लागायलाच दीड दिवस जातो. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅग भरायला लावायची, हे जिवावर आलं.

शेवटी कंटेंपररी घेतलं. मनोरा, बे लेकची बाजू. बटण दाबलं तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ते लपवायला मी चहा ठेवायला उठले.

कंटेंपररीत पहिलं पाऊल टाकल्यावर बाबांनी वर पाहिलं आणि थांबले. चौथ्या मजल्यावर एक अवाढव्य दालन आहे, ग्रँड कॅनियन कॉन्कोर्स. दोन्ही बाजूंना खोल्यांचे मजले आत झुकत वर वर जातात आणि मधली पोकळी आभाळासारखी. त्या पोकळीतून मोनोरेल शिरते. आवाज फार होत नाही, एक घरघर येते आणि जाते. बाबा कठड्याला धरून तिरक्या खांबांकडे बघत उभे राहिले. खोल्यांमधल्या सांध्यांवर त्यांची नजर फिरत होती. "एकेक खण सरकवला असेल तेव्हा क्रेनवाल्याचा हात कसला स्थिर असेल," असं म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा हात हवेत हळूच पुढे सरकला, काडेपेटीचा खण ढकलावा तसा. किती वर्षांनी मी त्यांना कामावरचे बाबा पाहिले.

त्या दालनात मधोमध ९० फूट उंचीचं चित्र आहे, मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेलं, रंगवून भाजलेल्या फरशांचं. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या आदिवासींची मुलं, पक्षी, प्राणी, फुलं. त्यात एक बकरी पाच पायांची आहे. माणसाच्या हातून पूर्ण निर्दोष असं काही घडत नाही, म्हणून तो पाचवा पाय, असं सांगतात. आजी आणि नात ती बकरी शोधायला दुपारी दालनात ठाण मांडून बसल्या. नात वर बघून मान दुखली की खाली बघायची, आजी मात्र शांतपणे एकेक ओळ निवडत होती, तांदूळ निवडावेत तशी. सापडली तेव्हा ओरडली नाही. नातीचं बोट धरून त्या दिशेला नेलं आणि मोजायला लावलं. "एक, दोन, तीन, चार..." आणि पाचव्याला नात ओरडली. मोनोरेलमधली माणसं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला या हॉटेलाची खरी किंमत कळली. ऊन तापलं होतं, लेक एका राइडच्या रांगेत होती आणि बाबा म्हणाले, "मी जरा जाऊन पडतो." मी सवयीने उठायला लागले. "तू कशाला? रस्ता माहीत आहे मला." आणि ते गेले. मनगटावरच्या पट्ट्याने खोलीचं दार उघडतं, त्यामुळे चावीचा प्रश्न नाही. पाचला परत आले, शर्ट बदललेला, केस विंचरलेले. त्यानंतर ते रोज गेले. कुणाला न विचारता, कुणाला सोबत न घेता, कुणाचा दिवस न मोडता. इतके महिने आमच्याकडे ते प्रत्येक ठिकाणी आमच्या गाडीतून, आमच्या सवडीने जात होते. इथे त्यांना हवं तेव्हा उठून घरी जाता येत होतं. ते खोलीला घरच म्हणायला लागले होते.

सकाळी मी आणि ते बाल्कनीत चहा घ्यायचो. बे लेकवर सूर्य उगवायचा, पाण्यावर धुकं, एखादी होडी. तिकडून पार्कचा मागमूसही दिसत नाही. जगातली इतकी गर्दी पाठीमागे एका भिंतीपलीकडे आहे, असं वाटायचं नाही. पार्क दिसणारी खोली घेतली नाही याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी सगळ्यांना पॉलिनेशियनला घेऊन गेले. मोनोरेलने दोनच थांबे. मधल्या काळात तिथे बरंच बदललं आहे. पूर्वी लॉबीत मोठा धबधबा होता, तो काढून टाकला आहे. पाण्यात खांबांवर बंगले उभे राहिले आहेत, एक नवा मनोराही आला आहे. मशाली होत्या. झाडी होती. वाळू होती. आइस्क्रीम या वेळी प्रत्येकी एक घेतलं.

मी नवऱ्याला सांगत होते की १९७४च्या डिसेंबरात जॉन लेननने बीटल्स कायदेशीररीत्या मोडल्याच्या कागदावर सही केली ती इथे, या हॉटेलात. आणि आदल्या वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन जमलेल्या संपादकांसमोर "मी लबाड नाही" म्हणाले ते पलीकडे, आपल्या कंटेंपररीत. तो म्हणाला, सुट्टीच्या जागी लोक काय काय संपवायला येतात. मी बोलत होते खरी, पण लक्ष आईकडे होतं. तिने चपला काढल्या होत्या. पाय वाळूत घोट्यापर्यंत खुपसले होते आणि दोन्ही हात मांडीवर सैल ठेवून ती पाण्यापलीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. चौघी मैत्रिणींच्या मध्ये बसलेल्या माझ्या चेहऱ्यावरही तेच असणार.

"आई, इथे राहायला हवं होतं का गं आपण?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "ह्यांना जमलं नसतं." आणि थोड्या वेळाने, "पण आहे छान."

अंधार पडला. महालावर दिवे लागले. उजव्या हाताला, पाण्यापलीकडे, कंटेंपररीचा तो भलामोठा ए उजळला होता आणि त्यातून मोनोरेलचे दिवे बाहेर पडताना दिसत होते. चार दिवस त्याच्या पोटात राहून तो आकार आम्हाला असा पूर्ण दिसलाच नव्हता. बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. बोटाने मजले मोजायला लागले. लेक त्यांच्या मांडीला टेकून उभी.

"आजोबा, आपली खोली कोणती?"

"ती इथून नाही दिसायची. आपला खण पलीकडच्या बाजूने सरकवलाय."

ती जरा खट्टू झाली. मग खिशातून काडेपेटी काढली, ती सबंध सहलभर तिच्याजवळ होती, आणि उलटी करून खण दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलला. बाहुलीचे पाय आधी बाहेर आले. तिने पेटी पाण्याकडे तोंड करून वाळूत ठेवली.

परतीच्या गाडीची वेळ मी दोनदा सांगितली. आई उठली नाही. दिव्यांची मिरवणूक यायची होती अजून.